आधी जू तपासा



पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपण बैलांची खांदेमळण करतो. बैल ओढ्यावर धुऊन आणायचे, कोमट पाण्याने खांदा शेकायचा, हळद आणि तूप एकत्र करून वशिंडापुढची जागा हलक्या हाताने चोळायची आणि उद्या जेवायला या असे त्यांना आवतण द्यायचे. ज्या खांद्याने वर्षभर आपले औत ओढले, त्याचे ऋण मानण्याची ही जुनी रीत. पण २०१८ सालच्या खांदेमळणीच्या संध्याकाळी माझ्या हातून एक चूक घडली. ती आज तुमच्यासमोर मांडतो. तसलीच चूक तुमच्याही घरात कळत-नकळत चालली असण्याचा संभव आहे, म्हणून.

आमचे गाव सिन्नर तालुक्यातले. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. आम्ही दोघे भाऊ. मी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला असताना वडील गेले. धाकटा तेव्हा दहावी करून घरी बसला होता. माझे शिक्षण सोडायची वेळ आली, तेव्हा तो आईला एवढेच म्हणाला, ‘‘दादाला पुरं करू दे. मी बघतो.’’ नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो चिकटला. माझी शेवटची फी त्याच्या पहिल्या पगारातून गेली. पुढे मी कृषी खात्यात लागलो. गावोगाव हिंडून बियाणे, खते, कीडनियंत्रण यांवर बोलू लागलो. लोक मला साहेब म्हणू लागले. तो मात्र पहाटेची एसटी धरून कारखान्यात जाई आणि सुटीच्या दिवशी आमची चार एकर शेती पाही. पुढे कारखाने बदलले, कामे बदलली, पण एसटी आणि शेती काही सुटली नाही.

त्या संध्याकाळी मी बाहेरगावाहून घरी पोचलो. पोरे बैलांभोवती गोळा झाली होती. आई हळद-तुपाची वाटी घेऊन उभी होती. धाकटा गोठ्याच्या मेढीला टेकून बाजूला. पुढे यायला तयार नाही. मी चारचौघांत बोलून गेलो, ‘‘काय रे, कंपनीची हवा लागली वाटतं. बैलाला हात लावायची लाज वाटायला लागली?’’ शेजारीपाजारी हसले. तो काही बोलला नाही. पुढे झाला, वाटी घेतली आणि डाव्या हाताने बैलाचा खांदा चोळू लागला. उजवा हात तसाच अंगालगत लोंबत होता. तेव्हासुद्धा माझ्या ध्यानात आले नाही.

रात्री जेवणे झाल्यावर त्याची बायको दाराआडून म्हणाली, ‘‘दादा, ते सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगते. त्यांचा उजवा हात वर जात नाही. चार महिने झाले, सदरा मी अंगात घालून देते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मागच्या रविवारी फवारणीचा पंप पाठीवर मीच चढवून दिला. कारखान्यात कळलं तर काढून टाकतील म्हणून कुणाला बोलत नाहीत.’’

मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्या माणसाच्या खांद्यावर माझी पदवी उभी होती, त्याच खांद्याची मी चारचौघांत थट्टा केली होती. आणि मी कोण, तर गावोगाव जाऊन बैलाची खांदेसूज कशी टाळावी हे सांगणारा माणूस.

पोळा झाल्यावर त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी हात वेगवेगळ्या बाजूंनी उचलून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो कामाचा. ‘‘दिवसभर हात कुठं असतात तुमचे? कमरेशी, छातीशी की डोक्याच्या वर?’’ पुढे माझ्या वाचनात आले की इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारावा असा सल्ला त्यात इतर वैद्यांना दिला. सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा तो सल्ला आजही खरा आहे. आमच्या घरात मात्र हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

एमआरआय काढल्यावर कळले की खांद्याची एक कंडरा अर्धवट फाटली आहे. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते, ही दोरी दिसत नाही. म्हणून ‘फोटोत काही नाही’ याचा अर्थ ‘दुखणे खोटे आहे’ असा कुणी घेऊ नये.

खांद्याची घडण मला डॉक्टरांनी समजावली, ती माझ्या शब्दांत सांगतो. मांडीचे हाड खुब्यात बसते ते उखळात मुसळ बसावी तसे, खोल. खांद्याचे तसे नाही. तिथे दंडाच्या हाडाचा गोळा एका उथळ बशीवर टेकलेला असतो. म्हणूनच हात चहूकडे फिरतो. आपण गोफण फिरवू शकतो, पाठ खाजवू शकतो, झाडावर चढू शकतो. पण उथळ बशीतला गोळा घसरू नये म्हणून त्याला चार लहान स्नायूंनी भोवतीने धरून ठेवलेले असते. त्यांतल्या सर्वांत वरच्या स्नायूची कंडरा एका अरुंद फटीतून जाते. खाली दंडाचा गोळा, वर खांद्याच्या टोकाचे हाड छपरासारखे. हात खांद्याच्या वर उचलला की ही फट आवळते आणि कंडरा दाबली जाते. एकदा, दोनदा, शंभरदा उचलला तर काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षे, रोज शेकडो वेळा उचलला, त्यात वजन असले आणि मधे विसावा नसला, तर विहिरीच्या काठावर घासून नाडा झिजावा तशी ती झिजते. तिला रक्तपुरवठा मुळातच कमी, म्हणून ती सावकाश भरून येते. चाळिशीनंतर तर झीज जास्त आणि भर कमी असा उलटा हिशोब सुरू होतो.

घरी आल्यावर मी धाकट्याला समोर बसवले आणि कागद-पेन्सिल घेतली. तो रंगखात्यात होता. लोखंडी भाग खालच्या ट्रॉलीतून उचलायचा आणि डोक्यावरून सरकत जाणाऱ्या साखळीच्या आकड्याला टांगायचा, एवढेच त्याचे काम. मी विचारले, ‘‘एका नगाचं वजन किती?’’ म्हणाला, ‘‘चार किलो. काहीच नाही रे दादा ते. पोरगंसुद्धा उचलील.’’ मिनिटाला किती? तीन. तासाला झाले एकशे ऐंशी. जेवण आणि चहा सोडून रोज सात तास, म्हणजे बाराशे साठ नग. त्याला चाराने गुणले. पाच हजार चाळीस किलो. आम्ही दोघेही त्या आकड्याकडे बघत राहिलो. रोज पन्नास क्विंटलांहून जास्त लोखंड हा माणूस डोक्याच्या वर चढवत होता. बैलगाडीत एवढे भरायचे म्हटले तर कितीतरी खेपा होतील. चार किलोकडे पाहून कुणाच्याच मनात ते आले नव्हते, त्याच्याही नाही.

वाचकहो, इथेच आपली समजूत चुकते. खांदा मोडतो तो मोठ्या ओझ्याने, पडल्याने, हिसका बसल्याने, असे आपण धरून चालतो. तसेही होते. पण कारखान्यातले पुष्कळ खांदे हलक्या वजनाने जातात. वजन हलके, पण हात उंच. काम सोपे, पण तेच ते. हात उंच धरून नुसता पान्हा फिरवायचा असला, छताला रंग द्यायचा असला, गाडीखाली उभे राहून वरचे बोल्ट आवळायचे असले, तरी हाताचे स्वतःचे वजन खांद्यावर असतेच. त्यात हादरे देणारे हत्यार हातात आले की भर पडते. हात पुढे लांब करून काम केले तरी तोच प्रकार. भरलेली कळशी कमरेशी धरून पाहा आणि मग हात ताठ लांब करून धरून पाहा. कळशी तीच असते, पण दुसऱ्या वेळी खांदा बोलू लागतो.

आता बैलाकडे येऊ. एखाद्या शेतकऱ्याच्या बैलाचा खांदा सुजला तर मी काय सांगत आलो? मलम लावा हे सांगतोच, पण ते नंतर. आधी सांगतो, जू तपासा. जू खडबडीत आहे का? शिवळांमधली जागा बैलाच्या मानेला अपुरी पडते का? जोडीतला एक बैल उंच आणि एक बुटका असल्यामुळे सगळा भार एकावर येतो का? ओल्या खांद्यावर जू ठेवले का? कारण जू तेच ठेवून नुसते मलम लावत बसले, तर सूज उतरते आणि पुन्हा जुंपले की पुन्हा येते. आणि त्याच जुवाखाली लागोपाठ तीन बैलांचे खांदे आले, तर बैल कामचुकार आहेत असे कुठलाही शहाणा शेतकरी म्हणत नाही. तो जू सुताराकडे नेतो.

माणसाच्या बाबतीत मात्र आपण उलटे वागतो. धाकट्याने सुपरवायझरला दुखणे सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘बाम लाव, गोळी घे, दोन दिवस आराम कर.’’ म्हणजे सगळे मलम. जू कुणी पाहिले नाही. धाकटा उपचारासाठी रजेवर गेला आणि त्याच्या जागी एक पंचविशीचा पोरगा उभा राहिला. तिसऱ्या महिन्यात त्याचाही उजवा खांदा धरला. मग चौकशी करता असे निघाले की धाकट्याच्या आधी त्या जागेवर असलेल्या माणसानेही खांद्याच्याच दुखण्याने दुसऱ्या खात्यात बदली मागून घेतली होती. तीन माणसे, एकच जागा, एकच खांदा.

धाकट्याने हे त्या वेळी धीर करून कारखान्याच्या सुरक्षा समितीपुढे मांडले. मी त्याच्यासोबत बसून तो क्विंटलचा हिशोब स्वच्छ अक्षरात लिहून दिला होता. समितीतला एक जुना फिटर जागेवर येऊन उभा राहिला, आकड्याला हात लावून बघितला आणि म्हणाला, ‘‘हा आकडा पूर्वीच्या लांब नगासाठी केलेला. नग बदलला, आखूड झाला, आकडा तसाच राहिला.’’ एवढीच गोष्ट होती. नग आखूड झाल्यामुळे माणसाला हात आणखी वर न्यावा लागत होता. त्यांनी दोन सुधारणा केल्या. आकडे लांब केले आणि माणसाला उभे राहायला दहा इंच उंचीचा लोखंडी चौथरा दिला. टांगण्याची जागा डोक्यावरून छातीच्या उंचीवर आली. शिवाय दर दोन तासांनी माणसाने जागा बदलायची असे ठरले. दोन तास टांगणे, दोन तास तपासणी. त्या पोराचे दुखणे काही आठवड्यांत कमी झाले. यात यंत्रमानव आला नाही की परदेशी यंत्र आले नाही. जू सुधारले, इतकेच.

धाकट्याचे तसे झाले नाही. त्याचा उशीर झाला होता. शस्त्रक्रिया टळली, पण फिजिओथेरपी कित्येक महिने चालली. हात खांद्यापर्यंत येतो, त्याच्या वर पुरता जात नाही. आता तो तपासणीच्या टेबलावर आहे. वरकड काम बंद झाल्याने घरात येणारा पैसा कमी झाला. पहिल्या महिन्यात डॉक्टरकडे गेलो असतो तर कदाचित निराळे झाले असते, असे मला वाटत राहते.

या चुकीत कारखान्याचा वाटा होता तसा आपल्या घराचाही होता, हे मला लपवायचे नाही. आपल्या भागातली कितीतरी मुले, भाऊ, लेकी आज औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. आठवडाभर कारखाना आणि सुटीच्या दिवशी शेत, असा त्यांचा रिवाज. घरचे म्हणतात, तो काय, सावलीत उभा राहून काम करतो, रविवारी जरा घाम गाळू दे. मग त्याच्या पाठीवर सोळा लिटरचा पंप चढतो. सोळा किलो पाणी आणि वर पंपाचे वजन. एका हाताने दांडा मारायचा, दुसऱ्याने नळी उंच धरायची. नाहीतर खताच्या गोण्या ट्रॅक्टरमधून उतरवायच्या, कांद्याच्या गोण्या थप्पीला लावायच्या. बाबांनो, खांद्याला कारखान्याचे ओझे आणि शेताचे ओझे असा भेद कळत नाही. त्याची वही एकच. आपण मात्र दोन वह्या ठेवतो आणि दोन्हींत त्याच्याच नावावर काम लिहितो.

वजनाबद्दलही थोडे सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्याबद्दल एक करार आणि एक शिफारस केली. त्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे. तो करार भारताने २०१० साली मान्य केला. ५५ किलो ही वरची हद्द आहे, दिवसभर उचलत राहायचे प्रमाण नव्हे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या आपल्या सूत्रात, ओझे अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, पकड चांगली, असे सगळे अनुकूल असतानाही २३ किलोपासून हिशोब सुरू केला. हात लांब गेला, उंची वाढली, खेपा वाढल्या की हा आकडा खाली खाली येतो. आपल्याकडे पूर्वी साखरेची शंभर किलोची पोती हमालांच्या पाठीवर असत. पुढे पन्नास किलोची आली. हमाल-माथाडींच्या संघटनांनी त्यासाठी आवाज उठवला. त्यांच्या चळवळीतूनच महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला. २०१८ च्या मार्चपासून युरियाची गोणी पन्नासऐवजी पंचेचाळीस किलोची झाली. ती खताचा वापर कमी व्हावा म्हणून केली, खांद्यासाठी नव्हे. पण उचलणाऱ्याच्या खांद्याने पाच किलोचा आशीर्वाद नक्की दिला असेल.

आणखी एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने नियम केले. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपू नये, विसावा न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असे त्यांत आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातही माणसासाठी जवळजवळ हेच आकडे होते: दिवसाला नऊ तास आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमात, इजा होईल इतके ओझे कुणाला उचलायला लावू नये असेही म्हटले होते. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या नव्या संहितेने घेतली आहे. पण कायदा जुना असो वा नवा, नगाचे वजन, हाताची उंची आणि दिवसाच्या खेपा यांचा गुणाकार तुमच्या माणसासाठी कायदा येऊन करणार नाही. तो आपणच केला पाहिजे.

तेव्हा घरात काय पाहावे? सदरा घालताना, डोक्यावरून बनियन काढताना, केस विंचरताना हात अडखळतो का? बाईमाणसाला मागे अंबाडा घालताना, चोळीचे बंद बांधताना कळ येते का? पॅकिंगच्या कारखान्यांत, शिवणकामात, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये आपल्या लेकीसुनाही दिवस दिवस हात पुढे धरून उभ्या असतात. त्यांचे दुखणे तर कुणी मोजतच नाही. हात बाजूने वर नेताना अर्ध्या वाटेत चमक येते आणि पुढे गेली की कमी होते का? दुखऱ्या कुशीवर झोप येत नाही का? यांतले काही दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकले तर डॉक्टरांकडे जा आणि काम काय करतो ते नीट, हात वर करून दाखवून सांगा. ईएसआयचे कार्ड असेल तर त्या दवाखान्यात दाखवा, कागद जपून ठेवा. सोबत रक्तातली साखरही तपासून घ्या. मधुमेह असणाऱ्याचा खांदा आखडून धरण्याचा संभव जास्त असतो.

काही गोष्टी करू नका. दुखतो म्हणून हात महिनोन्महिने गळ्यात बांधून ठेवू नका. खांदा गंज चढलेल्या बिजागरीसारखा धरतो. कुणाकडून हिसके देऊन घेऊ नका. फाटत आलेली कंडरा पुरती फाटायची. दुखणे दाबणारी गोळी खाऊन त्याच जागेवर तेच काम रेटत राहू नका. गोळी कळ थांबवते, घासणे थांबवत नाही. धाकट्याला फिजिओथेरपीत पहिला व्यायाम दिला तो अगदी साधा होता. पुढे वाकून एक हात टेबलाला टेकवायचा आणि दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा सैल लोंबता ठेवून हलके झुलवायचा. तुम्ही मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा, कारण प्रत्येकाचे दुखणे वेगळे असते. आणि हे विसरू नका: डावा खांदा किंवा हात एकाएकी दुखू लागला, छातीत दाब, घाम, दम असे काही सोबत असले, तर तो खांद्याचा आजार समजून चोळत बसू नका. ते हृदयाचे असू शकते. तडक दवाखाना गाठा.

कामाच्या जागी काय मागावे? काम शक्यतो कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीत आणावे. हात वर न्यायचा नसेल तर एकतर काम खाली आणा, नाहीतर माणूस वर चढवा. चौथरा, फळी, माची काहीही चालेल. नग जवळ घ्या म्हणजे हात लांब करावा लागणार नाही. जड हत्यार वरून स्प्रिंगला टांगलेले असावे, म्हणजे त्याचे वजन हातावर येत नाही. तासा-दोन तासांनी कामाची जागा बदलावी. तेच काम चार जणांत वाटले तर चौघांचेही खांदे टिकतात. गोण्यांची थप्पी छातीच्या वर न्यायची असेल तर दोघांनी मिळून लावावी. यांतले पुष्कळसे थोड्या खर्चात होण्यासारखे आहे. अडते ते विचारण्यापाशी. ठेकेदाराकडची पोरे तर तोंड उघडायला भितात, कारण उद्या गेटवर नाव नसेल. म्हणून एकट्याने सांगण्यापेक्षा त्या जागेवर काम केलेल्या दोघा-तिघांनी मिळून सांगावे, आणि दुखण्याची तक्रार करण्यापेक्षा जुवाची तक्रार करावी. ‘‘माझा खांदा दुखतो’’ म्हटले की माणूस बदलतात. ‘‘इथं उभ्या राहणाऱ्या तिघांचा खांदा दुखतो’’ म्हटले की जागा बघावी लागते.

घरात काय करावे, तेही सांगून टाकतो. कारखान्यातून आलेल्या माणसाला त्या रविवारी पंप देऊ नका. दुसऱ्याने मारावा, नाहीतर बॅटरीचा पंप गावात चार जणांत मिळून घ्यावा. गोणी फोडून दोन घमेल्यांत न्या. त्यात कमीपणा नाही. तीस वर्षे मी गोणीच्या हिशोबाने खताची मात्रा सांगत आलो. ती गोणी बांधापर्यंत कुणाच्या खांद्यावरून जाते, हे मी विचारले नव्हते. आता विचारतो.

धाकट्याची मी माफी मागितली का, असे तुमच्या मनात येईल. मागितली. तो म्हणाला, ‘‘जाऊ दे दादा, तुला काय ठाऊक.’’ ते वाक्य मला फार लागले. कारण ठाऊक करून घेणे हाच तर माझा धंदा होता.

आमच्याकडे आजही बैलांची एक जोडी आहे. खांदेमळणीला हळद-तुपाची वाटी तोच धरतो आणि डाव्या हाताने चोळतो. बैलाला त्याची सवय झाली आहे. तुमच्याही घरी पुढच्या पोळ्याला खांदेमळण होईल. बैलांचे झाले की हात धुण्याआधी आजूबाजूला उभ्या असलेल्या आपल्या माणसांना एवढेच सांगा, ‘‘दोन्ही हात वर करा बरं.’’ पोरे हसत करतील. पण एखाद्याचा एक हात मागे राहिला, तर त्याला हसू नका, टोमणा मारू नका. त्याला खाली बसवा आणि विचारा, दिवसभर तुझा हात कुठं असतो?